दीड आणि १.५ : रेंजर रस्त्यावर आणताना

(गगनबावडा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मी गणिताचा मास्तर. दीड म्हणजे १.५, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. आज त्याच तोंडानं सांगायला आलोय, की सायकलच्या दुकानात हे खोटं आहे.

मुलगा शिकायला कोल्हापूरला गेला आणि त्याची रेंजर सायकल पडवीत पडून राहिली. म्हटलं, असळजहून इथवर शाळेला आपणच वापरू. पहिल्याच दिवशी मांड्या भरून आल्या. डांबरावर ते मोठ्या नक्षीचे टायर नुसते घूं घूं करत होते. टायरवरची रबराची बोंडं प्रत्येक फेऱ्यात दबतात, वाकतात, परत उभी राहतात आणि त्यात आपला जोर जातो. ती केलीत मातीत रुतून पकड घ्यायला. डांबरात रुतणार कुठं?

दुकानात जाऊन म्हटलं, "सव्वीसचा बारीक टायर द्या." मिळाला. घरी चढवला तर पान्ह्याची गरजच पडली नाही, हातानंच बसला. खूश झालो. पंप मारायला लागलो, तसा टायर एका अंगानं रिमबाहेर सरकला आणि ट्यूब फुग्यासारखी डोकावली. तेव्हा कुठं आकडे वाचले. नव्यावर २६ × १⅜, जुन्यावर २६ × १.९५. दोन्ही सव्वीसच!

हे सव्वीस म्हणजे टायरची बाहेरून धरलेली ढोबळ उंची. रिमशी त्याचा नेमका संबंध नाही. खरं माप टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत असतं, उदाहरणार्थ ४०-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा, टायरची कड रिमवर जिथं बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. रेंजरचा दशांशातला सव्वीस म्हणजे ५५९. माझा १⅜ वाला निघाला ५९०. आणि २६ × १½ असेल तर ५८४. म्हणजे दीड आणि १.५ यांत तब्बल २५ मिलिमीटरचं अंतर!

यावर कुणी सुचवतं, "चाकंच मोठी घाला, सायकल पळेल." मोठं चाक, म्हणजे ज्याला ७०० किंवा २९ म्हणतात, ते ६२२ चं. त्रिज्येत फरक साडेएकतीस मिलिमीटर. ब्रेक रिमवर लागणारे असतील, तर रबर रिम सोडून तारांना लागेल. डिस्क ब्रेक असले तरी चिमट्यात मडगार्डला जागा उरेल का, हे बघावं लागतं. आणि मडगार्डावाचून आपल्याकडं आषाढात शाळेत पोचलात, तर पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊनच वर्गात जाल.

मापासाठी चाक बदलू नका. धातूसाठी मात्र जरूर बदला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणाऱ्या या गावात लोखंडी, चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक दाबूनही सायकल पुढंच जाते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओलं रबर पुष्कळ चांगलं धरतं. नवं चाक ५५९ चंच घ्या. मागच्या चाकाचा हब आपल्या फ्रीव्हीलला आणि सांगाड्याच्या रुंदीला जुळतो ना, तेही पाहून घ्या.

आता सगळ्यांच्या मनातली शंका. डांबरासाठी बोंडांच्या टायरऐवजी नक्षी नसलेला घातला, तर तो पावसात घसरणार नाही का? मोटारीचा रुंद, चपटा टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतो, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि आपला वेग बेताचा; तो पाणी बाजूला सारून डांबराला टेकतो. ओल्या डांबरावर पकड रबराची असते, नक्षीची नव्हे. शेवाळ, चिखल आणि उसाच्या ट्रॉलीतून सांडलेला ओला पाला यांच्यापुढं मात्र कुठल्याच टायरचं चालत नाही. तिथं वेग कमी करा आणि वळणावर ब्रेक दाबू नका.

घर डांबरी रस्त्यालगत असेल तर १.५ घ्या. शेवटचा तुकडा जांभ्याचा, तांबड्या मातीचा असेल तर १.७५, मधे सपाट पट्टा आणि कडेला नक्षी असलेला. १.५ हून बारीक नको. खड्डा पाण्याखाली दिसत नाही आणि बारीक टायरात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या थोडी आत ठेवा. पाऊस लागला की आणखी जराशी कमी.

मृगाला अजून अवकाश आहे. घरी गेल्यावर सायकल उजेडात घ्या, टायरची भिंत ओल्या फडक्यानं पुसा आणि तो दुसरा आकडा वहीत लिहून ठेवा. दुकानात तोच सांगा. सव्वीस म्हणू नका.