पायरीवरचा मुलगा

मी वकील नाही, नुसता बी.ए. मराठी. पण बरीच वर्षं फौजदारी कोर्टात कारकुनी केली, म्हणून एका विधी महाविद्यालयानं मुलांना पंचनाम्याची भाषा शिकवायला बोलावलं. आठवड्याला दोन तास.

पहिल्या दिवशी फळ्यावर फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन, इसम असे शब्द लिहिले आणि विचारलं, भाषा कोणती? मुलं म्हणाली, मराठी. उत्तर बरोबरच होतं. अरबी-फारसीतून आले, इथलेच झाले. आता परत कुठं जायचं त्यांनी?

मग एक प्रसंग दिला. परंडा तालुक्यातलं माझं सोनारी हे गाव काळभैरवनाथाचं आणि तितकंच माकडांचं. देवळाच्या पायरीवर एका बाईनं पिशवी ठेवली. दर्शन घेऊन आली तर पिशवी नाही. भिंतीवर माकडं, पायरीवर एक पारधी मुलगा बसलेला. करा घटनास्थळाचा पंचनामा.

वह्या घरी आणून वाचल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं, ‘सदर इसम संशयास्पदरीत्या वावरताना मिळून आला.’ मी ‘बसलेला’ म्हटलं होतं. हा वावरला कधी? दोघांनी तर त्याच्याकडून गुन्हा कबूलही करून घेतला. पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ झालं. मुलांना दोन्ही आकडे पाठ होते. माकडं मात्र एकाही वहीत नव्हती.

दुसऱ्या तासाला मी जरा तावातच बोललो. पंचनाम्यात डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, वगैरे. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “सर, तो पारधी आहे हे पंचांना कशावरून दिसलं?”

मी गप्प. तो शब्द माझाच होता. १८७१च्या कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, पुढं पारधीही त्या यादीत आले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी नोकरीला लागलेल्या माझ्या हातानं असली वाक्यं किती वेळा सुवाच्य अक्षरात नकलून काढली असतील, कोण जाणे. त्या मुलाचं गाव, समाज मी विचारला नाही. विचारावंसं वाटलं होतं, हे कबूल करतो.

आता प्रसंगात नुसता ‘एक मुलगा’ असतो. तरी ‘संशयास्पद’ येतंच, चार-पाच वह्यांत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, मग भाषा कशाला, असंही मुलं म्हणतात. जप्तीची यादी तरीही करायचीच आहे, मी सांगतो.

आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “सर, पण पिशवी नेली कुणी?”

ते तपासी अंमलदार बघेल. तुम्ही आधी पायऱ्या मोजा.