जपानची आघाडी : दिसणारी आणि न दिसणारी



जपान अजूनही तंत्रज्ञानात जगाच्या पुढे आहे काय, हा प्रश्न माझ्या पिढीला कधी पडलाच नाही. घरातला ट्रान्झिस्टर, मनगटावरचे घड्याळ, लग्नकार्यातला कॅमेरा यांवरची नावेच उत्तर देत असत. आज ती नावे विरळ झाली आहेत आणि त्यावरून जपानचा सूर्य मावळला असे अनुमान काढले जाते. ते निम्मेच खरे आहे.

१९८८ च्या सुमारास जगातील सेमीकंडक्टरच्या विक्रीत जवळजवळ निम्मा वाटा जपानी कंपन्यांचा होता. पुढे तो घसरत दहा टक्क्यांच्या आसपास आला. १९८६ च्या अमेरिकेबरोबरील कराराने जपानचे हात बांधले, असे कारण सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. मोठ्या संगणकांसाठी २५ वर्षे टिकेल अशी मेमरी चिप बनविण्याची शिस्त तेथील अभियंत्यांच्या अंगी मुरली होती. घरगुती संगणक आला तेव्हा ग्राहकाला एवढा टिकाऊपणा नको होता, स्वस्ताई हवी होती. ती दक्षिण कोरियाने दिली. गुणवत्ताच अंगाशी आली म्हणा ना! एल्पिडा ही डीरॅम बनविणारी जपानची अखेरची मोठी कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मायक्रॉनने ती घेतली.

आता उरलेली निम्मी बाजू. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्रशेवाळातून त्याची विशिष्ट रुची देणारा पदार्थ वेगळा केला. त्यातून आजिनोमोतो ही कंपनी उभी राहिली. चायनीज खाद्यपदार्थांच्या गाड्यांमुळे हे नाव आपल्याही कानावर आहे. अमिनो आम्लांच्या अभ्यासातून हाती आलेल्या रसायनविद्येच्या बळावर याच कंपनीने वीजरोधक अशी एक पातळ फिल्म तयार केली. १९९९ पासून प्रोसेसरच्या बैठकीत तिचे थर बसू लागले आणि आज उच्च क्षमतेचे बहुतेक प्रोसेसर तिच्यावाचून अडतात. संगणकाच्या खोक्यावर मात्र हे नाव कुठेही छापलेले नसते.

जुलै २०१९ मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मेमरीच्या बाजारात जपानला हरविणाऱ्या त्या देशात खळबळ उडाली. मग कोरियाने ती रसायने स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला; न दिसणारी आघाडीही अढळ नसते.

चिपवर नक्षी उमटविणाऱ्या यंत्रांत एकेकाळी निकॉन आणि कॅनन अग्रेसर होत्या. आज सर्वांत सूक्ष्म नक्षीची यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. २०२२ मध्ये जपानने रॅपिडस ही नवी चिप-कंपनी काढली, आणि तिचे अभियंते धडे घेण्यासाठी न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथे, आयबीएमकडे गेले. त्यांत पन्नाशी ओलांडलेलेही होते.