केसाएवढ्या जिवाची ओळख

कोवळ्या नारळाच्या टोपीखाली एक कोळी राहतो. लांबी मिलिमीटरचा साधारण चौथा हिस्सा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसतच नाही. शरीर गाजरासारखं निमुळतं, त्यावर बारीक कडी आणि पाय मात्र चारच. इतर कोळ्यांना आठ असतात!

१९६५ साली कॅलिफोर्नियातले संशोधक कायफर यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नमुने मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतातले होते, म्हणून नाव ठेवलं ‘असेरिया गेरेरोनिस’.

असं वर्णन करणं म्हणजे विलक्षण चिकाटीचं काम. कोळी काचपट्टीवर बसवायचा आणि शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहायचा. पाठीवरच्या ढालीवरच्या रेघा, एकेका केसाची लांबी आणि जागा, पायाच्या टोकाशी असलेल्या पिसासारख्या नखीच्या फांद्या हे सगळं मोजून हातानं चित्र काढायचं. जवळच्या जातींशी ताडून पाहायचं. मग एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून संग्रहालयात जपायचा. मला हा साक्षीदार फार मोलाचा वाटतो, कारण पुढे शंका आली की त्याच्याकडेच परतावं लागतं.

१९९८च्या सुमारास या कोळ्यामुळे केरळात नारळ खुरटू लागले, तेव्हा कायफर यांच्या वर्णनामुळेच हा शत्रू ओळखता आला. पुढे तो कोकणातही पोहोचला.

बागायतदारांनो, कोवळ्या फळाच्या टोपीलगत फिकट त्रिकोणी चट्टा दिसला, तर ते फळ रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात जरूर दाखवा.