पट आणि पोथी

“मुलें वाचीत नाहींत, खेळत बसतात,” हें गाऱ्हाणें आज घरोघरीं ऐकूं येतें. खेळ आणि वाचन ह्या जणूं दोन सवती आहेत, एकीचा संसार वाढला कीं दुसरीचा मोडावयाचाच, असें ह्या गाऱ्हाण्यांत गृहीत धरलेलें असतें. परंतु गेल्या तीसचाळीस वर्षांत वाचकांचा एक असा वर्ग उदयास आला आहे कीं, त्याच्याकडे पाहिलें म्हणजे हें गृहीत एकवार तपासून पाहणें अगत्याचें वाटूं लागतें. हा वाचक आधीं खेळाडू असतो. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर तो व्हिडिओ गेम खेळतो. त्यांतील राज्यें, युद्धें आणि माणसें ह्यांचा त्याला ध्यास लागतो. आणि खेळ संपला तरी त्या जगांतून पाय निघत नाहीं, म्हणून त्याच खेळावर लिहिलेली कादंबरी तो शोधूं लागतो. त्याला लोक गेमर म्हणतात. वाचक असें त्याला कोणी म्हणत नाहीं. तें म्हणावें कीं न म्हणावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे इ. स. २०२४ पर्यंत ज्याचें नांव अहमदनगर होतें त्या जिल्ह्याला, हा प्रश्न परका नाहीं. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतार्थ सांगितला असें मानतात, तो पैस खांब तेथें आजहि उभा आहे. दुर्गाबाई भागवतांनीं आपल्या इ. स. १९७० मधील लेखसंग्रहास ‘पैस’ हें नांव त्या खांबावरूनच दिलें. ह्याच ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं परंपरेनें एक खेळहि जोडला आहे. तो म्हणजे मोक्षपट. निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर भिक्षेला गेले असतां धाकट्या सोपान-मुक्ताईचें मन रमावें म्हणून हा पट रचला गेला, अशी कथा सांगतात. कथेला समकालीन पुरावा नाहीं. अभ्यासकांच्या हातीं आज जे पट आहेत, ते मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले आहेत. याकोब श्मिट-मॅडसेन ह्या अभ्यासकानें इ. स. २०१९ मध्यें कोपनहेगन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंधहि पश्चिम भारतांतील ह्याच दोन शतकांतील खेळावर आहे. तेव्हां मोक्षपट ज्ञानेश्वरांनीं केला, हें श्रद्धेचें विधान होय, इतिहासाचें नव्हे. मात्र ज्या मराठी लोकांनीं हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नांवें केला, त्यांना खेळ आणि ग्रंथ ह्यांत वैर दिसलें नाहीं, एवढें त्या श्रद्धेवरून खास ठरतें.

मोक्षपट हा आजच्या सापशिडीच्या कुळांतला खेळ. उत्तरेत त्याला ज्ञानचौपड म्हणत. वैष्णवांच्या प्रसिद्ध पटावर बहात्तर घरें असत, जैनांच्या पटावर चौऱ्यांशीं. प्रत्येक घराला नांव असे. एखादें घर काम-क्रोधाचें, एखादें दया-दानाचें, तर वरचीं घरें निरनिराळ्या लोकांचीं. दुर्गुणाच्या घरीं सापाचें तोंड असे, सद्गुणाच्या घरीं शिडीचा पाय असे. कवड्या टाकावयाच्या, पडेल त्या दानाप्रमाणें सोंगटी चालवावयाची, आणि जेथें ती थांबेल तें घर वाचावयाचें. कांहीं मराठी पटांवर तर घरांत नांवाबरोबर पद्यहि लिहिलेलें आढळतें. म्हणजे हातांत सोंगटी आणि डोळ्यांपुढें अक्षर, अशी ह्या खेळाची रीति होती. साप कां गिळतो हें ज्याला वाचतां येत नसे, त्याचा खेळ अर्धाच राही.

पुढें हा खेळ समुद्र ओलांडून गेला. इ. स. १८९२ मध्यें लंडनच्या एफ्. एच्. आयर्स ह्या खेळणीं करणाऱ्या पेढीनें तो आपल्या नांवें काढला. आरंभीं इंग्रजांनीं आपल्या नीतिकल्पना घराघरांत चितारल्या. पण हळूहळू त्याहि गेल्या आणि एकापासून शंभरापर्यंतचे नुसते आंकडे उरले. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंत मिल्टन ब्रॅडली ह्या पेढीनें सापांच्या जागीं घसरगुंड्या घातल्या. आज बाजारांतून घरीं येते ती सापशिडी ह्या प्रवासाहून परत आलेली आहे. पट परत आला. पोथी मात्र वाटेंत हरवली. ह्या हरवण्यानें खेळ सोपा झाला, पण तो एकदां संपला कीं मागें कांहीं उरेनासें झालें.

आतां नव्या खेळांकडे वळावें. व्हिडिओ गेममध्यें खेळणाराच कथेचा नायक होतो. तो धांवतो, लढतो, मार्ग शोधतो. परंतु ह्याच गुणांत एक उणीव दडलेली आहे. हात सतत गुंतलेले असल्यामुळें नायकाच्या मनांत काय चाललें आहे, तो कोणाच्या पोटीं जन्मला, त्यानें काय सोसलें, हें सांगावयास खेळाला उसंत कमी मिळते. ही पोकळी खेळाडूला जाणवते, आणि ती भरून काढण्यासाठीं तो पुस्तकाकडे जातो.

‘हेलो’ ह्या अमेरिकन खेळाचें उदाहरण घ्यावें. तो १५ नोव्हेंबर २००१ रोजीं बाहेर पडला. त्यापूर्वींच, ऑक्टोबर महिन्यांत, एरिक नायलंड ह्यांची ‘द फॉल ऑफ रीच’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती. खेळांतला नायक शिरस्त्राण घालून वावरणारा एक सैनिक. त्याचा चेहरा खेळणाऱ्याला दिसत नाहीं. कादंबरी त्याचें बाळपण सांगते. सहा वर्षांचीं मुलें सरकारनें आईबापांना न कळवितां उचलून नेलीं, त्यांच्या जागीं हुबेहूब तशींच कृत्रिम मुलें ठेवलीं, आणि नेलेल्या मुलांना युद्धासाठीं घडविलें, अशी ती कथा आहे. खेळांत ज्याच्या शौर्यावर मुलगा खूष झाला, तें शौर्य कोणत्या किंमतीला विकत घेतलें होतें, हें पुस्तकानें त्याच्यापुढें मांडलें. समाजाच्या रक्षणासाठीं अजाण बालकांचा बळी द्यावा काय? हा प्रश्न बटण दाबून सुटत नाहीं. पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसावें लागतें. तसें जो बसला, त्याला वाचक म्हणण्यास काय हरकत आहे?

कित्येकदां गंगा उलटीहि वाहते. पोलंडचे आंद्रेय सापकोव्स्की ह्यांनीं राक्षसांची शिकार करणाऱ्या भटक्या वीराची पहिली कथा इ. स. १९८६ मध्यें एका मासिकांत लिहिली. इ. स. २००७ मध्यें त्यांच्या वाङ्मयावर ‘द विचर’ हा खेळ निघाला, आणि ज्यांनीं पोलिश वाङ्मयाचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा देशोदेशींच्या तरुणांनीं त्यांचीं पुस्तकें हातीं घेतलीं. इ. स. २०११ मध्यें पोलंडच्या पंतप्रधानांनीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना ह्या मालिकेंतील दुसरा खेळ भेट म्हणून दिला. गंमत अशी कीं, खेळावर फारसा विश्वास नसल्यानें लेखकानें आपले हक्क ठोक रकमेला विकून टाकले होते! पुढें इ. स. २०१८ मध्यें त्यांनीं अधिक मोबदला मागितला आणि पुढच्या वर्षीं उभयतांत नवा करार झाला. रशियाचे दिमित्री ग्लुखोव्स्की ह्यांची ‘मेट्रो २०३३’ ही कादंबरीहि अशीच, ती इ. स. २००५ मध्यें ग्रंथरूपानें आली आणि इ. स. २०१० मध्यें तिचा खेळ झाला.

ह्याला प्रतिपक्ष आहे, आणि तो दुबळा नाहीं. खेळावरून लिहिलेल्या सर्वच कादंबऱ्या चांगल्या नसतात. पुष्कळशा फर्माशी आणि घाईच्या असतात. खेळांत जें घडलें तेंच पुन्हां शब्दांत उतरवून त्या मोकळ्या होतात. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत, जी इ. स. २०२२ पासून अमलांत आली, खेळाच्या विकाराची नोंद झाली आहे. खेळावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांपेक्षां खेळालाच अग्रस्थान देणें, आणि नुकसान दिसत असतांहि तो न सोडणें, हीं त्याचीं लक्षणें होत. असा मुलगा ज्या घरीं आहे, तेथील आईला कादंबरीचें कौतुक सांगून काय उपयोग? तिला आधीं मदत पाहिजे.

परंतु येथें एक विवेक केला पाहिजे. द्यूतांत धर्मराजानें राज्य घालविलें तें फाशांच्या दानावर. मोक्षपटावर सोंगटी चाले तीहि दानावरच. दान तेंच, पण एकीकडे पणाला द्रव्य लागलें होतें, दुसरीकडे कांहींच लागलें नव्हतें. भारत सरकारनें इ. स. २०२५ मध्यें जो कायदा केला, त्यांतहि हाच भेद आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्यानें बंदी घातली, इतर खेळांवर घातली नाहीं. ज्या खेळाला कथा आहे आणि जो आपल्या जगाविषयीं जिज्ञासा उत्पन्न करतो, त्याला जुगाराच्या पंक्तीला बसविणें न्यायाचें होणार नाहीं.

ही जिज्ञासा कोठपर्यंत नेऊं शकते, हें नगरच्याच संबंधांत पाहतां येईल. स्वीडनमधील पॅराडॉक्स ह्या संस्थेचा इ. स. २०१३ चा ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस’ मालिकेंतील चौथा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ह्या दिवसापासून सुरू होतो. जगाच्या नकाशावरील कोणतेंहि राज्य घेऊन तें चालवावयाचें, असा तो खेळ आहे. नगरचा मुलगा त्यांत दक्षिणेकडे पाहूं लागला, तर आरंभीं त्याला बहामनी राज्य दिसतें. निजामशाही दिसत नाहीं. कां दिसत नाहीं? मलिक अहमदानें बहामनींपासून फुटून आपलें राज्य इ. स. १४९० मध्यें उभारलें आणि शहर वसविलें तें इ. स. १४९४ मध्यें, म्हणून. एवढें उत्तर मिळालें कीं पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. इ. स. १५९५ च्या वेढ्यांत चांदबिबीनें किल्ला कसा राखला? मलिकंबरानें बुडत्या राज्याला पुन्हां उभें कसें केलें? विजापुरास असलेली मलिक-ए-मैदान तोफ इ. स. १५४९ मध्यें नगरला ओतली गेली, ती तिकडे कशी गेली? पडद्यावरचा नकाशा ह्यांतील बहुतेक प्रश्नांना मुका आहे. त्यांचीं उत्तरें इतिहासाच्या ग्रंथांत आहेत, आणि त्या ग्रंथांच्या दारापर्यंत मुलाला खेळानें आणून सोडलें आहे.

दाराच्या आंत मात्र अडचण आहे, आणि मराठी माणसानें लक्ष घालावें अशी ती आहे. वर ज्या कादंबऱ्यांचीं नांवें आलीं, त्या मुलाच्या हातीं येतात त्या इंग्रजींत. अकोल्याचा किंवा पाथर्डीचा मराठी शाळेंतला विद्यार्थी शब्दकोश जवळ घेऊन नेटानें तीं पानें वाचतो, ही त्याच्या उत्साहाची पावती आहे. पण ज्या वयांत वाचनाची भूक सर्वांत प्रखर असते, त्या वयांत मराठीनें त्याच्या ताटांत काय वाढलें? पूर्वीं असें नव्हतें. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ इ. स. १८६१ मध्यें निघाली, तेव्हांपासून अद्भुतकथांनीं मराठी वाचकांना वेड लावलें; विद्वानांनीं नाकें मुरडलीं, पण वाचणाऱ्यांचा समाज त्या कथांवर वाढला. पुढें बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मुलांनीं क्रमिक पुस्तकांत दडवून वाचल्या, आणि त्यांतलेच पुष्कळजण मोठेपणीं गंभीर ग्रंथांचे वाचक झाले. पहिली भूक भागविणारें अन्न साधेंच असतें. तें मातृभाषेंत मिळालें म्हणजे पुढची भूकहि त्याच भाषेंत लागते.

खेळ रचण्याचें कौशल्य ह्या प्रांतांत नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स ह्या मंडळीनें इ. स. २०२० मध्यें ‘राजी’ नांवाचा खेळ काढला. असुरांनीं पळविलेल्या भावाला शोधावयास निघालेल्या एका मुलीची ती कथा. दुर्गा आणि विष्णु ही कथा आपसांत बोलत सांगतात. हा खेळ देशोदेशीं खेळला गेला. अशा कथांना मराठी लेखकांनीं कादंबरीचें रूप द्यावें, प्रकाशकांनीं तें स्वस्तांत छापावें, आणि गांवोगांवच्या वाचनालयांनीं त्यासाठीं एक फळी राखून ठेवावी. हें काम मोठ्या भांडवलाचें नाहीं. त्याला तुच्छताबुद्धि सोडावी लागते, इतकेंच.

वडील मंडळींच्या हातीं याहूनहि सोपी एक गोष्ट आहे. मुलगा पडद्यापुढून उठला, कीं किती वेळ खेळलास असें विचारण्याबरोबर, त्या खेळाची गोष्ट काय, असेंहि एकदां विचारावें. तो ज्या आवेशानें सांगूं लागेल त्यावरून त्याचें मन कोठें अडकलें आहे हें कळेल: युद्धांत, राज्यकारभारांत, कीं एखाद्या दुःखी नायकाच्या एकटेपणांत. मग त्याच धाग्याचें पुढचें पुस्तक त्याच्या उशाशीं ठेवावें आणि वाचलेंस काय म्हणून दोन दिवस विचारूं नये. खेळणाऱ्याला आपल्या पायानें पुढच्या घरांत जावयाचें असतें. वडिलांनीं तेथें शिडी लावून ठेवावी.