होळीनंतरची राख

धातुशास्त्रज्ञ, कारखानदार, गलाई व्यावसायिक आणि कारागीर मंडळी,

वसईच्या होळीत आपलं मनापासून स्वागत! विस्तव निवल्यावर जे उरतं, त्यावर बोलायला होळी नावाच्या ठिकाणाहून चांगली जागा कुठली?

राखेचं मोल आपल्याकडे आधी झारेकऱ्यानं ओळखलं. सोनाराच्या पेढीतला केर, शेगडीतली राख तो विकत घेई आणि धुऊन-गाळून त्यातला कण न कण काढी. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून निघालेल्या गलाई बांधवांनी धातू गाळण्याची विद्या देशभरच्या सराफ बाजारांत नेली.

त्यांची रीत पाहा. सोन्यात तिप्पट चांदी मिसळून वितळवायची आणि नत्राम्लात सोडायची. सोनं तळाशी राहतं, चांदी पाण्यात उतरते. त्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवला की चांदी खाली बसते. उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकलं की तांबंही सुटतं.

मोठ्या कारखान्यांचं गणित वेगळं नाही. तांबं विजेनं शुद्ध करताना टाकीत बसणाऱ्या गाळात सोन्या-चांदीसोबत सेलेनियम, टेल्युरियम सापडतं. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना फिरत्या द्रावात गॅलियम साठतं. चीननं ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावला, आणि चिप बनवणाऱ्या देशांनाही झारेकऱ्याच्या नजरेची गरज भासू लागली.

पण गलाईच्या गाळ्यात तांबं सुटलं की झारेकऱ्याची नजरही थांबते. उरलेल्या आंबट पाण्याला गिऱ्हाईक नाही, नत्राम्लाच्या तांबूस धुराला तर नाहीच. पाणी बऱ्याचदा गटारात जातं, धूर कारागिराच्या छातीत.

आमची वसई बावखल नावाच्या तळ्यांवर जगली. इथल्या केळी, पानवेली त्याच गोड्या पाण्यावर पोसल्या. म्हणून यजमानाचं एकच मागणं आहे. हिशेबाच्या वहीत सोनं, चांदी, तांबं यांच्याखाली चौथी ओळ पाण्याची लिहा. दहा बाय दहाच्या गाळ्यात मावेल, एकट्या कारागिराला परवडेल अशी पाणी निवळण्याची आणि धूर धरण्याची सोय सुचवल्याशिवाय इथून जाऊ नका.

आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. पाण्याच्या बाबतीत मात्र कुणालाच सांभाळून घेऊ नका.