देखरेख की पाठराखण?
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून मुलांची वजने, पूरक आहार, गृहभेटी आणि या साऱ्याच्या नोंदी, असा भार अंगणवाडी सेविका मानधनावर वाहत आली आहे. तिच्यावर देखरेख मुख्यसेविकेची. ती नुसत्या नोंदींतील चुका काढून गेली, तर सेविका खचते, एखादी काम सोडते. आणि तिचा लळा लागलेले मूल दाराशीच अडून बसते. तीच मुख्यसेविका वजन न वाढणाऱ्या मुलाच्या घरी तिच्याबरोबर गेली, तर सेविकेला धीर येतो. अर्थात शाबासकीने चूल पेटत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली ग्रॅच्युइटी प्रत्येकीच्या हाती वेळेवर पडली पाहिजे. भगिनींनो, सेविका टिकली तरच अंगणवाडीत मूल रमेल.