पहाटेचा हंडा

मोठं भाषण करत नाही. आमच्या घरातला एप्रिलचा एक आठवडा सांगते.

सोमवारी पहाटे पाचला नळाला पाणी आलं. अम्मीने आणि मी हंडे भरले. भाऊ झोपला होता. बुधवारी लोणच्यासाठी कैऱ्या चिरल्या. भाऊ भर दुपारी क्रिकेटला गेला. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर अब्बांनी त्याला संगणकाच्या क्लासची फी दिली. मी विचारलं, तर म्हणाले, "एवढ्या उन्हात कुठे जाणार, बेटा?"

शनिवारी १८ एप्रिल. १९६६ साली याच दिवशी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. जेवताना मी हे सांगितलं. अम्मी एवढंच म्हणाली, "त्याही उन्हातच गेल्या असतील."

अब्बा गप्प राहिले. रविवारी मात्र त्यांनी माझ्या क्लासची वेळ विचारली. पहाटेचं पाणी आता आम्ही भावंडं आळीपाळीने भरतो. त्याची कुरकुर अजून चालू आहे.

आज घरी गेल्यावर एवढंच पाहा : तुमच्याकडे हंडा कोण भरतं, आणि फी कुणाची भरली जाते?